बंद कारखान्यातली अळंबी

अळंबी घेऊन माझ्या दारात येणारी माणसं तीनच प्रश्न विचारतात. खाता येते का, खाल्ली आहे तर आता काय करू, आणि परत उगवू नये म्हणून काय टाकू. भिवंडीच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण पावसाळा लागला की दाराच्या कडीला पिशव्या अडकवलेल्या सापडतातच. आमचे हे होते तोवर म्हणायचे की इतरांच्या दारात दूध येतं, आपल्या दारात विष येतं. चौथा प्रश्न मला आयुष्यात एकदाच कुणी विचारला. तो सांगायलाच हे लिहायला बसले आहे. पण आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की बाई म्हातारपणी भुताखेताच्या गोष्टी सांगायला लागली.

अळंबी म्हणजे आपल्याला दिसते ती छत्री. ते नुसतं फळ झालं. खरं झाड जमिनीखाली असतं. पांढऱ्या तंतूंचं जाळं, कधी हातभर, कधी सबंध अंगणभर. ते वर्षभर आत गुपचूप खात असतं आणि चार दिवस वर तोंड काढतं. म्हणून नुसती छत्री आणून काही उपयोग नाही. मी लोकांना सांगते, उपटू नका, बुडाशी उकरून आणा, कागदात आणा, प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन तिचा चिखल होतो. आणि कशावर उगवली होती ते सांगा. लाकडावर, शेणावर, पेंढ्यावर की नुसत्या मातीवर. हे न सांगणारा माणूस डॉक्टरकडे जाऊन दुखतं कुठे ते न सांगणाऱ्यासारखा.

मग ठसा घ्यायचा. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद टेबलावर ठेवायचा, दांडा कापून छत्री त्यावर पालथी घालायची आणि वर स्टीलची वाटी झाकायची. दुपारी ठेवली की सकाळी वाटी उचलायची. छत्रीखालच्या पडद्यांमधून बारीक पूड गळून कागदावर चक्राचं चित्र उमटलेलं असतं. पांढरं, तपकिरी, काळं, गुलाबी, आणि एका जातीचं चक्क हिरवं. छत्रीचा रंग थापा मारतो, ठसा सहसा मारत नाही. बाकी हळद घालून शिजवली आणि काळी पडली नाही म्हणजे चांगली, किडे लागलेत म्हणजे चांगली, हे सगळं खोटं. किड्याचं पोट वेगळं आणि तुमचं वेगळं. हे मी जन्मभर सांगत आले, आणि बऱ्याच वेळा ते पालथ्या घड्यावर पाणी ठरलं.

कामतघरला एका चाळीत दाराच्या चौकटीवर कान उगवले होते. कानच. तांबूस, मऊ, आतून शिरा असलेले, माणसाच्या कानाएवढे सात-आठ कान. पाऊस थांबला की ते सुकून लाकडाला चिकटायचे आणि झड लागली की परत उघडायचे. त्या घरातली माणसं महिनाभर घरात कुजबुजत बोलत होती. सासूसुनेची भांडणंसुद्धा रस्त्यावर जाऊन व्हायची, असं शेजारीण म्हणाली. मी गेले, चौकटीत नख खुपसलं, तर लाकूड पावासारखं आत गेलं. आंब्याचं लाकूड होतं आणि वरच्या मोरीचं पाणी त्यात वर्षानुवर्षं मुरत होतं. ही अळंबी चांगली खाण्याजोगी असते, असंही मी त्यांना सांगितलं, पण आपल्या घराचे कान कोण खाणार. चौकट बदलली. सून नंतर मला भेटली तेव्हा म्हणाली, बाई, तेव्हा घरात शांतता होती हो.

दुसरी गोष्ट काल्हेरची. गोदामांच्या रांगा संपतात तिथे नवी सोसायटी झाली होती. मधल्या हिरवळीवर पहिल्या पावसाळ्यात पांढऱ्या छत्र्यांचं एक वर्तुळ उगवलं. कंपासनं काढावं तसं. दुसऱ्या वर्षी तेच वर्तुळ वाढून उगवलं. तिसऱ्या वर्षी ते पहिल्या इमारतीच्या पायरीपाशी पोचलं, तेव्हा कुणीतरी मध्यभागी लिंबू ठेवलं आणि सेक्रेटरींनी मला बोलावलं. मी ठसा घेतला. हिरवा आला. ही खाल्ली तर दोन तासांत वांत्या सुरू होतात, तेवढं सांगून मी मुलांना दूर ठेवायला लावलं. वर्तुळाचं कारणही साधं असतं. जाळं मधून बाहेर पसरतं आणि कडेला फळं धरतं. पण मी सेक्रेटरींना विचारलं, मध्यभागी खाली काय आहे. त्यांना माहीत नव्हतं. तिथला वॉचमन माहीतगार निघाला. ती जमीन पूर्वी त्याच्याच चुलत्याची होती. तो मोजून अकरा पावलं चालला, लिंबाशी थांबला आणि म्हणाला की इथं आमचा आंबा होता, बिल्डरनं बुंधा तोडला पण मुळं तशीच ठेवून वर माती टाकली. नसलेल्या झाडाभोवती सात मजल्यांची माणसं तीन वर्षं घाबरून फिरत होती.

अशा गोष्टी गाठीशी असल्या की माणसाला बोलायची चटक लागते. मला लागली होती. कॉलेजातही माझं एक वाक्य ठरलेलं होतं. मुलं ते वहीत चौकट करून लिहून घ्यायची. निवृत्तीनंतर कामतघरच्या एका बचतगटानं मला बोलावलं. घरच्या घरी पेंढ्यावर अळंबी कशी पिकवायची ते सांगायचं होतं. चाळीसेक बाया होत्या, ऑगस्ट महिना होता, शेजारच्या कारखान्यांतले लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू होते आणि मला ओरडून बोलावं लागत होतं. मी कानांची गोष्ट सांगितली, आंब्याची सांगितली, आणि शेवटी ते वाक्य टाकलं. म्हटलं, बायांनो, एक लक्षात ठेवा, जिथं अळंबी उगवते तिथं खाली काहीतरी मेलेलं असतं. बायांनी तोंडाला पदर लावले, मग टाळ्या वाजवल्या. मी खूश होऊन चहा प्यायले आणि रिक्षानं घरी आले.

दोन वर्षांनी, तशाच पावसात, वनिता माझ्याकडे आली.

पस्तिशीची असेल. गणेशपुरीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन कामतघरला आलेली. आता धाग्याच्या कांड्या भरायचं काम करायची. कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. डब्यात राखाडी डोक्याच्या पाच-सहा अळंब्या होत्या, बुडाशी पांढरी पिशवी असलेल्या, नीट मुळापासून उकरून, कागदात गुंडाळून आणलेल्या. मी म्हटलं, वा, तुला कुणी शिकवलं असं आणायला. ती म्हणाली, तुमीच, भाषणात. मग मी माझ्या सवयीनं विचारलं की खाणार आहेस का. ती नको म्हणून मान हलवत राहिली आणि मग तिनं तो प्रश्न विचारला.

"बाई, खाली कोण हाय ते सांगाल?"

खाली ‘काय’ आहे, असं तिनं विचारलं नव्हतं. ती ‘कोण’ म्हणाली होती. मी तिला खुर्चीवर बसवलं.

तिचा नवरा काशिनाथ कामतघरच्याच एका कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे लूम बिघडला की जोडून देणारा. विणकर कापड विणतो, जॉबर लूमला ताळ्यावर ठेवतो. एके दिवशी त्यानं दुरुस्त करून दिलेल्या लूममधून शटल उडालं आणि पलीकडच्या विणकराच्या डोळ्याला लागलं. डोळा गेला. शटल म्हणजे धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला. त्या दिवशी मुकादमाशी काशिनाथचं कडाक्याचं वाजलं. लोकांनी त्याला संध्याकाळी कारखान्यात जाताना पाहिलं. बाहेर येताना कुणी पाहिलं नाही. वनितानं पोलिसांत तक्रार दिली, वर्षभर खेपा घातल्या. पुढे मंदी आली, कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले. आणि त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, रिकाम्या कारखान्याच्या जमिनीवर, काशिनाथनं दुरुस्त केलेला तो लूम होता त्या जागी अळंबी उगवली. तिनं पत्र्याच्या फटीतून पाहिली. मला ती दोन्ही हात पसरून दाखवू लागली. एवढी लांब, एवढी रुंद, आणि एका टोकाला वेगळा गोल.

"मानूस निजल्यासारखी," ती म्हणाली. "दर वर्सी तशीच. पाय भिंतीकडं, डोकं दाराकडं. तो तसाच निजायचा."

मला वाटतं माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा नाही, तिच्या पुढच्या बोलण्यानं आला. तिनं तो आकार पाहिला होता तेव्हा तिला काही कळलं नव्हतं. मग महिनाभरानं ती बचतगटात आली आणि माझं वाक्य ऐकलं. त्यानंतर तिला सगळं कळलं. तिनं पोलिसांकडे जाणं सोडलं, कारण अळंबी उगवली म्हणून कोण जमीन खणणार. मुकादम अजून त्याच भागात राहत होता, म्हणून तिनं कुणापाशी तोंड उघडलं नाही. लोकांसाठी कुंकू लावत राहिली. आणि सर्वपित्री अमावास्येला दुपारी वॉचमन जेवायला गेला की पत्र्याच्या फटीतून आत शिरून तिथं केळीच्या पानावर त्याचं जेवण वाढून यायची. दोन वर्षं. आता तिला घाई होती, कारण जागा विकली गेली होती. दहा दिवसांत जेसीबी येणार होता.

"तो त्येला फाडंल ना हो," ती म्हणाली. "हाडं तरी नीट काढून द्या."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. मी एक गमतीचं वाक्य बोलले होते आणि एका बाईनं त्याच्यावर नवऱ्याची समाधी बांधली होती. मी तिला तेव्हाच ते सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं, सकाळी ये, ठसा बघून सांगते. खरं तर पिशवीतून वर आलेली ती राखाडी छत्री बघताच मला अंदाज आला होता, पण अंदाजानं बोलायची मला आता भीती वाटत होती.

मी वाटी झाकली. सकाळी ती सात वाजताच आली आणि वाटीकडे बघत उभी राहिली. मी तिच्यासमोरच वाटी उचलली. ठसा गुलाबी आला, पिकल्या पेरूच्या गरासारखा. मी तिला समजावून सांगितलं. ही भाताच्या पेंढ्यावरची अळंबी. पेंढा खाते, नाहीतर कापूस खाते. भिवंडीत लूमच्या कचऱ्याच्या ढिगावर मी ती शेकडो वेळा पाहिली आहे. मांसावर ही येत नाही. ती ऐकत राहिली, मग तिनं विचारलं की म्हणजे खाली तो नाही का. इथं मी पुन्हा छातीठोकपणे ‘नाही’ म्हणून मोकळी झाले असते. पण म्हटलं, "खाली कापूस आहे, एवढं मी सांगू शकते. कापसाबरोबर आणखी काय आहे, ते अळंबी सांगत नाही." ती म्हणाली, मग तुमीच चला.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. कामतघरच्या त्या गल्लीत मी पूर्वी गेले होते तेव्हा दोन्ही बाजूंच्या लूमच्या आवाजानं छातीचं हाड हलायचं. आता गल्लीत आमच्या चपला वाजत होत्या. भिवंडीकराला अंधाराची भीती वाटत नाही, आवाज बंद झाल्याची वाटते. वॉचमन यादवचाचा म्हणून उत्तर प्रदेशचे एक म्हातारे होते, त्यांनी कुलूप काढलं. मी त्यांना म्हटलं की कॉलेजसाठी अळंबीचा नमुना हवा आहे. त्यांनी वनिताकडे पाहिलं, तिला ते ओळखत होते, पण काही विचारलं नाही.

आत छपराच्या पत्र्यांना भोकं होती आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. भिंतींवर, तुळयांवर, बंद पंख्यांवर कापसाचं तूस चिकटून राहिलं होतं. हवा हलली की ते सगळं एकदम हलायचं. जमिनीवर जिथं जिथं लूम होते तिथं तेलाचे काळे चौकोन उरले होते, ओळीनं. आणि शेवटच्या ओळीत भिंतीजवळ तो होता. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मला वर्तुळं, रांगा, चौकोन सगळे ठाऊक आहेत. तरी मी दाराशीच थांबले. वनितानं काही वाढवून सांगितलं नव्हतं. दोन्ही खांदे होते, मधलं अंग होतं, पाय जवळ घेतलेले होते, आणि थोडं अंतर सोडून डोकं. काही अळंब्या नुकत्या पिशवी फोडत होत्या, काही पिकून पाघळत होत्या. डोक्याच्या बाजूला सुकलेल्या केळीच्या पानाचा देठ पडला होता. वनिता तिथं जाऊन पायथ्याशी बसली, आजाऱ्यापाशी बसतात तशी, आणि तिनं पदरानं पत्र्यातून पडणारं पाणी अडवलं.

यादवचाचांना मी फावडं मागितलं. ते आणायला गेले नाहीत. म्हणाले, "मैडम, इसमें क्या खोदना है? गद्दा है. मैंने ही डाला था."

लूम उखडून नेले तेव्हा त्या जागी खड्डा पडला होता. वॉचमनला झाडलोट करून कारखाना मोकळा करून द्यायला सांगितलं होतं. त्यांनी कोपऱ्यातलं सगळं त्या खड्ड्यात लोटलं आणि वर माती ओढली. काशिनाथ दोन बिघाडांच्या मध्ये तासभर पडायचा ती गादी आणि उशी त्यातच गेली. यादवचाचा म्हणाले, दोन वर्षं ही बाई आत येते ते मला माहीत आहे, पान बघितलं होतं, मला वाटलं लूमची पूजा करते. मी वनिताकडे बघू शकले नाही. तिनं दोन वर्षांत त्यांना एक प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. आणि तिनं तो विचारला नाही, कारण तिला उत्तर मी दिलेलं होतं.

तरी खणलं. तिनं हट्टच धरला. यादवचाचांनी हलक्या हातानं माती बाजूला केली आणि वीतभर खाली कापड लागलं. ते पॉलिएस्टरचं होतं, म्हणून कुजलं नव्हतं. आतला कापूस कुजून काळा लगदा झाला होता आणि त्यात पांढरं जाळं भरलं होतं. गादीला जिथं जिथं टाके होते आणि जिथं कापड विरलं होतं, तिथूनच अळंबी वर आली होती. आणि कापड विरतं कुठं, तर माणूस जिथं निजतो तिथं. खांदे, कंबर, टाचा. म्हणून तो आकार. डोकं म्हणजे उशी. मी हे तिथं मोठ्यानं बोलत होते, वर्गात बोलावं तसं, कारण गप्प बसवत नव्हतं. वनितानं गादीच्या कोपऱ्यावरचं एक निळं ठिगळ चिखलातून पुसून काढलं आणि त्यावर बोट फिरवलं. ठिगळ तिनं शिवलेलं होतं. तिनं हात कोपरापर्यंत लगद्यात घालून सगळी गादी चाचपली. यादवचाचांनी मग खड्डा खालच्या दगडापर्यंत मोकळा केला. काही नव्हतं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा सुटल्यासारखं हसेल. ती पाय पोटाशी घेऊन बसली. मग म्हणाली, "जित्या मानसाचं मी पान वाढलं." थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, तिनं उरलेलं सांगितलं. माझ्या भाषणानंतर दोनेक महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, सुरतेहून एक विणकर तिच्या दारात आला होता. त्यानं सांगितलं, काशिनाथ आमच्या खात्यात, म्हणजे तिकडच्या लूमच्या कारखान्यात, आहे, त्यानं विचारलंय की आलो तर घरात घेशील का. वनितानं त्याला सांगितलं की माझा नवरा मेला, आणि दार लावून घेतलं.

पुढचं पटकन सांगते, कारण ते पटकनच झालं. तिचा भाऊ गावाहून आला, दोघं सुरतेला गेली. काशिनाथ त्याच खात्यात होता. शटल उडालं त्याच रात्री तो कारखान्याच्या मागच्या दारानं निघाला होता, ज्याचा डोळा गेला त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं म्हणून. तो आला, पण खोकत आला. सरकारी दवाखान्यात फोटो काढला तर दोन्ही फुप्फुसं गेलेली. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. वनिता हे मला फोनवर सांगत होती. तिनं ते दोनदा सांगितलं. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी माझ्याकडून जेवण झालं नाही. दोन वर्षं म्हणजे नेमकी कोणती, ते मला कुणी मोजून दाखवायची गरज नव्हती.

मी त्याला भेटायला गेले. पलंगावर बसलेला, बारीक, मिस्कील डोळ्यांचा माणूस. निरोप्यानं परत येऊन तुझी बायको म्हणते तू मेलास, असं सांगितलं तेव्हा त्याला काय वाटलं, असं मी विचारलं नाही. त्यानं आपणहून सांगितलं की बरोबर आहे तिचं असं मनात आलं. गादीची सगळी हकिगत त्याला कळलेली होती. त्याला तिची मजाच वाटत होती. वनिता चहा करत होती, तिला ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला,

"बाई, एक सांगतो. सुरतेत मागली दोन्ही वर्सं सर्वपित्रीला मला भूक लागली न्हाय. मेसवाला बोलायचा, काशी, कुठं जेवून आलास?"

मी म्हटलं, या आजारात भूक मरतेच. तो म्हणाला, हो, पण आदल्या दिवशी लागायची आणि दुसऱ्या दिवशीही लागायची. मग हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. थट्टा करायचा त्याचा स्वभाव होता, असं सगळेच म्हणतात. मी पुष्कळ दिवस विचार केला आणि माझ्या शास्त्रातलं काहीही त्याला लावून बघितलं. काही लागलं नाही. चुलीपाशी वनिता पाठमोरी उभी होती आणि चहा उतू जात होता, तरी ती वळली नाही.

काशिनाथ चार महिन्यांनी गेला. घरात, बायकोच्या हातावर.

तेराव्यानंतर मी वनिताकडे गेले. अळंबी ओळखताना मी आता ताकही फुंकून पिते, त्या गमतीच्या वाक्यांची मी वही मिटली आहे, हे तिला सांगून काय उपयोग होता. मला कबुली द्यायची होती. ती तांदूळ निवडत होती. मी सरळच बोलले. म्हटलं, वनिता, ती दोन वर्षं मी घालवली. मी ते बोलले नसते तर तू त्या विणकराचं ऐकलं असतंस, काशिनाथ तेव्हाच घरी आला असता, औषध लागू पडलं असतं. माझ्या चुकीनं तुझा माणूस गेला.

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तिथं चाळीस बाया होत्या, बाई," ती म्हणाली. "त्या ऐकून घरी गेल्या नि विसरल्या. मीच धरून ठेवलं." मग तिनं सूप खाली ठेवलं. "तो विणकर आला ना, बोलला नवरा जिता हाय, तवा मला आनंद झाला न्हाय. राग आला. जिता हाय तर दोन वर्सं आला का न्हाय? खड्ड्यात हाय म्हटलं की तो माझा व्हता. मेलेला नवरा परवडतो, बाई. टाकून गेलेला न्हाय परवडत."

मला वाटत होतं ती मला माफ करेल किंवा हाकलून देईल. तिनं दोन्हींपैकी काही केलं नाही. सूप उचलून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं, आणि मीही खडे वेचायला लागले.